रिंगमास्टर करंदीकर कुठला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, आज एका आडनावाचा तपास करायचा आहे. आडनाव आपल्या घरचं आहे, करंदीकर. सापडलं मात्र ते एका बंगाली रहस्यकथेत, आणि तेही वाघाच्या पिंजऱ्याशेजारी.

सत्यजित राय यांना आपण सिनेमामुळे ओळखतो. बंगालमधली मुलं त्यांना त्याआधी फेलूदामुळे ओळखतात. प्रदोषचंद्र मित्र ऊर्फ फेलूदा हा त्यांचा गुप्तहेर १९६५मध्ये 'संदेश' या मुलांच्या मासिकात पहिल्यांदा अवतरला. बरोबर त्याचा चुलतभाऊ तोपशे, ज्याच्या तोंडून आपण सगळं ऐकतो. पुढे या दोघांना लालमोहनबाबू येऊन मिळाले. 'जटायू' या टोपणनावानं धडाधड साहसकथा लिहिणारे, टक्कल पडलेले, भित्रे आणि फार प्रेमळ असे हे लेखक. अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे हे त्रिकूट मराठी घरांतही येऊन गेलेलं आहे.

१९७८ साली राय यांनी 'छिन्नमस्तार अभिशाप' ही फेलूदाची कादंबरी लिहिली. तिघं हजारीबागला जातात. गावात ग्रेट मॅजेस्टिक सर्कस उतरलेली असते. सर्कशीतला सुलतान नावाचा वाघ निसटतो, गावाची झोप उडते. इकडे एका वृद्ध गृहस्थांच्या घरात काहीतरी बिनसलेलं असतं. या गृहस्थांना शब्दांची कोडी घालायचा भारी नाद. राजरप्पाच्या छिन्नमस्ता मंदिराजवळ सगळे सहलीला जातात आणि तिथे हे गृहस्थ कोसळतात. घरातलं रहस्य आणि सर्कशीतलं रहस्य या दोहोंच्या मध्ये उभा असतो सर्कशीचा रुबाबदार रिंगमास्टर. त्याचं नाव करंदीकर.

ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही आणि वाचायची आहे, त्यांनी पुढची चार-पाच वाक्यं सोडून द्यावीत. (रेडिओवर मी 'कानांवर हात ठेवा' म्हणालो होतो. छापताना 'डोळे मिटा' म्हणावं लागतं.) हा करंदीकर मुळात करंदीकर नाहीच. तो त्याच घरातला, तरुणपणी पळून गेलेला मुलगा आहे. पक्का बंगाली. कर्नल सुरेश बिस्वास यांच्या कथेनं वेडावून तो घराबाहेर पडला. हे बिस्वास मात्र खरे. १८६१चा जन्म, नदिया जिल्ह्यातले. घर सोडून इंग्लंडला गेले, सर्कशीत वाघसिंहांबरोबर खेळ केले, शेवटी ब्राझीलला पोचले आणि तिथल्या सैन्यात लढले. असा पूर्वज समोर असल्यावर पोरगं घरात कसं थांबणार?

आता माझा प्रश्न. घरातून पळालेल्या बंगाली मुलाला लपायला एक खोटं नाव हवं होतं. देशात नावांना तोटा नाही. सिंग होता येतं, शर्मा होता येतं, डिसोझा होता येतं. मग राय यांनी त्याला करंदीकरच का केलं?

गुप्तहेर आणि सर्कस यांचं मेतकूट जुनं आहे. शेरलॉक होम्सलाही सर्कशीतलं एक प्रकरण मिळालं होतं. 'द व्हेल्ड लॉजर' ही ती कथा, १९२७ची. त्यात 'सहारा किंग' नावाचा सिंह आहे, क्रूर मालक आहे, पैलवान आहे आणि बुरख्याआड राहणारी एक बाई आहे. खरं सांगायचं तर होम्सला त्यात फारसं काही करावं लागत नाही. बाई बोलते, तो ऐकतो. पण लेखकांना सर्कस का आवडते ते कळतं. तिथे प्रत्येकाच्या तोंडाला रंग असतो, प्रत्येकाचं नाव कुणीतरी ठेवलेलं असतं, आणि संशय यायच्या आत तंबू उतरवून सगळे पुढच्या गावाला गेलेले असतात.

मला हे पुस्तकात वाचायच्या आधीच ठाऊक होतं, कारण असा एक तपास आमच्या घरात होऊन गेला होता. मी माकणीचा. आज माकणी लोहारा तालुक्यात, धाराशिव जिल्ह्यात येते. मी लहान होतो तेव्हा, म्हणजे साठीच्या दशकाच्या शेवटी, लोहारा तालुका झालेला नव्हता, जिल्ह्याला सगळे उस्मानाबाद म्हणत, आणि तेरणेवरचं आमचं धरणही बांधलं जायचं होतं. गावात करमणूक म्हणजे जत्रेतला तमाशा, डोंबाऱ्याचा खेळ आणि कधीमधी येणारा तो सायकलवाला, जो चार-पाच दिवस सायकलवरून खाली उतरत नसे. तो सायकलवरच आंघोळ करायचा, सायकलवरच जेवायचा. झोपतो कधी, यावर आम्हा पोरांत पैजा लागत.

खरी सर्कस बघायची तर लातूर गाठावं लागे. लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं. माझे चुलते, तात्या, यांचं कडब्याच्या व्यवहारासाठी तिकडे जाणं असे. एका हिवाळ्यात त्यांनी मला बरोबर नेलं. एसटीनं औशावरून लातूर, आणि संध्याकाळी तंबू. आम्ही सगळ्यात स्वस्त तिकिटाच्या फळ्यांवर बसलो. हत्ती झाले, कुत्री झाली, झोके झाले. मग भोंग्यातून घोषणा झाली की आता इटलीहून खास आलेले जगप्रसिद्ध साहेब आपली कला दाखवतील. नाव लांबलचक होतं, मला ते तेव्हाही नीट कळलं नाही. चमचमती विजार, डोक्याला तेल चोपडलेलं, मिशीला पीळ. साहेबानं खुर्चीवर खुर्ची रचली, वर बाटल्या ठेवल्या आणि सगळ्यात वर हातांवर उलटा उभा राहिला. तंबूत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. तेवढ्यात खालचा पोऱ्या खुर्चीला जरा जास्तच चिकटला, आणि वरून, उलट्या डोक्यातून, दबक्या आवाजात इटलीचे शब्द आले:

"मागं सरक की! काय करायलास?"

मी तात्यांकडे बघितलं. तात्या आधीच पुढे वाकून बसले होते.

"तात्या, साहेब मराठीत बोलला?"

"मराठीत नव्हं," तात्या हळूच म्हणाले, "आपल्याकडच्या मराठीत बोलला."

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पुण्याचा माणूस 'काय करतोयस' म्हणेल, कोल्हापूरचा 'काय कराय लागलायस' म्हणेल. 'करायलास', 'जायलाव', 'येयलाव' हा मराठवाड्याचा शिक्का आहे. तो मिशीला पीळ देऊन पुसला जात नाही. तात्या त्या रात्री तंबूच्या मागे गेले. काय झालं ते शेवटी सांगतो. आधी करंदीकर.

या तपासाचा पहिला धागा सांगली-कुरुंदवाडकडे जातो. विष्णुपंत छत्रे मूळ अंकलखोपचे. कृष्णाकाठचं गाव, आजच्या सांगली जिल्ह्यातलं. त्यांना दोन वेडं होती, घोडा आणि गाणं. दोन्हींसाठी ते घर सोडून उत्तरेला गेले. ग्वाल्हेरला घोडेस्वारी शिकले आणि त्याच ग्वाल्हेरात हद्दू खाँ साहेबांकडून गाणंही मिळवलं. परत येऊन ते कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पागेवर होते.

त्या काळात ज्युसेप्पे कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची रॉयल इटालियन सर्कस जगभर फिरत होती. (मराठीत त्याचं 'चिरिनी' असंही झालेलं आहे.) ती मुंबईला आली. कुरुंदवाडकरांबरोबर विष्णुपंतांनी तिचा खेळ पाहिला. आणि मग ती प्रसिद्ध गोष्ट घडली. आपल्याकडे अशी सर्कस का नाही, असा विषय निघाला. साहेब म्हणाला, हिंदुस्थानी लोकांना हे जमायला अवकाश आहे. विष्णुपंतांना झोंबलं. त्यांनी पैज घेतली, घोडे तयार केले, माणसं जमवली आणि मुंबईच्या क्रॉस मैदानावर हिंदुस्थानातली पहिली देशी सर्कस उभी केली. पहिल्या खेळाची तारीख बहुतेक ठिकाणी २० मार्च १८८० अशी दिलेली आहे.

गुप्तहेराच्या नजरेनं या गोष्टीकडे बघितलं तर दोन-तीन ठिकाणी चिमटा बसतो. एक, साल. काही जण दोन वर्षं अलीकडचं सांगतात, काही दोन वर्षं पलीकडचं. दोन, पैजेची मुदत आणि रक्कम. जितके सांगणारे तितके आकडे. तीन, आणि हे मला सगळ्यात गमतीचं वाटतं, कियारिनीनं जाताना आपलं काही सामान छत्र्यांनाच विकलं असंही सांगितलं जातं. ते खरं असेल तर तो टोमणा मारणारा उद्दाम साहेब आणि सामान विकणारा व्यवहारी गृहस्थ, हे दोघं एकाच माणसात बसवावे लागतात. शिवाय सगळे साक्षीदार आपल्याच बाजूचे! कियारिनीची जबानी कुणी घेतली? तो आपला तंबू गुंडाळून पुढे गेला. १८८६-८७मध्ये तो जपानमध्ये होता आणि तिथेही त्याच्या घोड्यांनी लोकांना वेड लावलं.

पण टोमण्याचा प्रत्येक शब्द खरा नसला तरी फरक पडत नाही, असं माझं मत आहे. सर्कस खरी होती. घोड्यांचा माणूस, संस्थानची पागा आणि तालमीत वाढलेली पोरं, हे सगळं कृष्णाकाठी तयारच होतं. मल्लखांब आपल्याकडे पेशवाईत बाळंभट देवधरांनी नावारूपाला आणलेला. तंबूच्या मधल्या खांबावर चढायला ज्याला शिकवावं लागत नाही असा मुलगा युरोपातल्या मालकाला शोधावा लागला असता. छत्र्यांना तो गावच्या तालमीत मिळत होता. आणि छत्र्यांच्या पत्नीही खेळात काम करत, असं सांगतात. १८८०च्या आसपासची ब्राह्मण घरातली बाई तंबूत झोके घेते, हे दृश्य जरा डोळ्यांसमोर आणा. आगरकरांचा 'सुधारक' निघायला अजून काही वर्षं होती!

विष्णुपंतांनी स्वतः एक बेपत्ता माणूसही शोधून काढला होता. सर्कशीच्या इतिहासातला हा माझा सगळ्यात आवडता तपास. त्यांचे गुरू हद्दू खाँ यांचा मुलगा रहिमत खाँ. गळा असा की पुढे लोक त्यांना 'भूगंधर्व' म्हणाले. पण वडील गेले, घर विस्कटलं, अफूनं धरलं आणि हा माणूस भटकू लागला. बनारसला अत्यंत वाईट अवस्थेत तो विष्णुपंतांना सापडला, असं सांगितलं जातं. विष्णुपंतांनी त्याला उचलून आणलं ते थेट सर्कशीच्या छावणीत. घोडे, वाघ, हत्ती, आणि त्यांच्या शेजारच्या तंबूत ग्वाल्हेर गायकीचा वारस. सर्कस गावोगाव फिरे, तसे खाँसाहेबही फिरत आणि गात. विष्णुपंतांनंतर त्यांचे बंधू काशिनाथपंतांनी त्यांना सांभाळलं. खाँसाहेब शेवटी कुरुंदवाडलाच राहिले आणि १९२२मध्ये तिथेच गेले. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँ यांच्यावर त्यांच्या गाण्याची छाप पडली, हे गाण्यातली मंडळी जाणतात. म्हणजे आज आपण रेडिओवर करीम खाँ साहेबांची भैरवी ऐकतो, तिच्यात कुठेतरी सर्कशीच्या तंबूचा भुस्सा आणि घोड्यांचा वास मिसळलेला आहे.

आता दुसरा धागा. एकटे छत्रे असते तर त्यांच्या आडनावाची एवढी ओळख पसरली नसती. पण त्यांच्यामागून रांग लागली. म्हैसाळच्या देवलांची सर्कस निघाली, कार्लेकरांची निघाली, पुण्याच्या शेलारांची निघाली, तासगावच्या परशुराम माळ्यांनी आपली सिंहांची सर्कस काढली. नकाशावर बोट ठेवून बघा. अंकलखोप, तासगाव, म्हैसाळ, कुरुंदवाड. बैलगाडीच्या टप्प्यात सगळी गावं. जगात एखाद्या गावाला पेढ्यांसाठी ओळखतात, एखाद्याला चपलांसाठी. या पट्ट्यातून सर्कशी निघत होत्या! रेल्वेनं त्या कलकत्त्याला गेल्या, बोटीनं रंगूनला, सिंगापूरला गेल्या.

बंगालमध्ये त्याच सुमारास प्रियनाथ बोस यांची ग्रेट बेंगॉल सर्कस निघाली होती. तिच्यात सुशीला सुंदरी नावाची तरुणी वाघांच्या पिंजऱ्यात शिरत असे. बंगाल्यांना तिचा फार अभिमान आणि तो रास्तच आहे. पण बोस यांची सर्कस गेली आणि मैदानात येणाऱ्या तंबूंवर बाकीच्यांची नावं दिसत राहिली. त्या नावांत मराठी नावं भरपूर होती. राय १९२१चे. त्यांच्या पिढीच्या बंगाली मुलाला वाघसिंहांचा माणूस म्हटल्यावर एखादं 'कर'-अंती आडनाव आठवावं, यात नवल नाही. बंगालीत नुसतं 'कर' हेही आडनाव असतं, हा आणखी एक गमतीचा भाग. त्या पळून गेलेल्या पोरानं नाव बदलतानाही एक पाय घरातच ठेवला होता की काय, असं मला उगाच वाटून जातं. कोड्यांचा नाद त्याच्या वडिलांना होताच.

तिसरा धागा पुण्यात सापडतो. दामू धोत्रे, जन्म १९०२. शेलार सर्कस त्यांच्या मामांची. पोरवयात ते तिच्यात शिरले, सायकलची कामं केली, मग वाघसिंहांकडे वळले. परदेशी सर्कशींबरोबर पूर्वेकडे हिंडले, युरोपात आल्फ्रेड कोर्ट या नामांकित शिकवणाऱ्याच्या हाताखाली पोचले, आणि त्याच्याबरोबर १९४०मध्ये अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली या अवाढव्य सर्कशीत दाखल झाले. युद्धात अमेरिकन सैन्यातही गेले. अंगानं लहानखुरे, उघड्या अंगानं, डोक्याला फेटा बांधून पिंजऱ्यात जात. बिबळ्या खांद्यावर घेत. आवाज कमी, चाबूक त्याहून कमी. अमेरिकन प्रेक्षकांना तो कुणी राजामहाराजा वाटे. खडकाळ पुणेरी गल्लीत वाढलेला मराठी मुलगा तिकडे हिंदुस्थानचा गूढ राजा होतो, आणि लातूरच्या तंबूत उस्मानाबादकडचा पोरगा इटलीचा साहेब होतो. सर्कशीत नाव म्हणजे कपडेच, गाव बदललं की बदलायचे. धोत्र्यांचं आत्मचरित्र इंग्रजीत १९६१मध्ये आलं. भानू शिरधनकरांच्या शब्दांत ते मराठीतही आलं. १९७३मध्ये ते पुण्यात वारले. राय यांनी आपला रिंगमास्टर लिहिला तो त्यानंतर पाच वर्षांनी.

धोत्र्यांवरूनच राय यांना करंदीकर सुचला, असं मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही आणि पुराव्याशिवाय बोललं तर फेलूदा चारमिनार पेटवून नुसतं बघत बसेल. पण राय यांना महाराष्ट्र परका नव्हता. १९७३च्या 'कैलासे केलेंकारी'त त्यांनी फेलूदाला वेरूळच्या कैलास लेण्यात आणलं होतं. म्हणजे फेलूदा आमच्या मराठवाड्यात येऊन गेलेला आहे! १९७६च्या 'बोम्बाइयेर बोम्बेटे'त तो मुंबईत होता. इकडची आडनावं त्यांच्या कानात होती.

आता तपासातली अडचण सांगितली पाहिजे, नाहीतर तो तपास कसला. १९७८ साली देशातल्या मोठ्या सर्कशी मराठी माणसांच्या हातात राहिल्या नव्हत्या. त्या केरळच्या हातात होत्या. मग राय यांनी रिंगमास्टरला नायर किंवा नंबियार का केलं नाही?

याचं उत्तरही पुन्हा छत्र्यांपाशीच जातं. १८८७मध्ये छत्र्यांची सर्कस मलबारात थलश्शेरीला गेली होती. तिथे कीलेरी कुञ्ञिक्कण्णन नावाचे व्यायामशिक्षक होते. त्यांनी ते सगळं पाहिलं, छत्र्यांशी बोलणं झालं आणि आपल्या कलरीतल्या मुलांना सर्कशीसाठी तयार करायचं त्यांनी मनावर घेतलं. १९०१मध्ये थलश्शेरीजवळ चिरक्करा इथे त्यांची सर्कशीची शाळाच सुरू झाली. १९०४मध्ये त्यांच्या शिष्यानं, परियाळी कण्णन यांनी, ग्रँड मलबार सर्कस काढली. पुढची गोष्ट सर्वांना माहीत आहे. कसरतपटू थलश्शेरीचे, मालक थलश्शेरीचे. राज कपूरनं 'मेरा नाम जोकर'साठी जी जेमिनी सर्कस घेतली, तिचे संस्थापक शंकरनही तिथलेच. योगायोग बघा, ज्या १९७८मध्ये राय यांची कादंबरी आली, त्याच वर्षी मल्याळममध्ये जी. अरविंदन यांचा 'थंपु' आला. थंपु म्हणजे तंबू. नदीकाठच्या एका गावात सर्कस येते आणि जाते, एवढीच गोष्ट. खरे सर्कसवाले आणि खरे गावकरी, आणि त्यांचे चेहरे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा.

तर केरळनं शाळा काढली. आम्ही काढली नाही. आमच्याकडे सर्कस घराण्यांत राहिली. काका, पुतण्या, जावई. घराणं थकलं की तंबू थकला. देवलांच्या घरातल्या बंडोपंतांनी सर्कशीतल्या दिवसांबद्दल लिहून ठेवलं, ही आपल्यावर केवढी मेहरबानी. बाकीच्यांनी लिहिलं नाही. आणि मराठी वाचकानं विचारलंही नाही. नाटक कंपन्यांची बारीकसारीक माहिती आपण जपली, कुठल्या प्रयोगाला कोण रुसलं इथवर. सर्कस कंपन्याही त्याच रेल्वेनं, त्याच गावांत, त्याच काळात हिंडत होत्या. त्यांच्या हिशेबाच्या वह्या कुठे आहेत?

राय यांनी रिंगमास्टरला मराठी नाव दिलं यामागचं माझं उत्तर असं. खोट्या नावाचा पहिला गुण म्हणजे ते ऐकून कुणी पुढचा प्रश्न विचारू नये. सर्कशीत वाघाशेजारी उभा असलेला माणूस 'मी करंदीकर' म्हणाला, तर बंगाली वाचक मान हलवून पान उलटतो. इतकं ते नाव त्या जागी बसतं. शंभर वर्षांत छत्रे-देवल-शेलार-धोत्र्यांनी ती जागा कमावली होती. रहस्यकथेच्या लेखकाला लपण्यासाठी याहून चांगली जागा कुठे मिळणार? आश्चर्य वाटलं ते मला, मराठी वाचकाला. 'अरे, करंदीकर सर्कशीत कसा?' हा प्रश्न फक्त आमच्याच डोक्यात येतो, कारण आम्ही विसरलो. आणि मी तर असा माणूस, ज्यानं लातूरच्या तंबूत स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं!

पुढचं थोडक्यात. ऑक्टोबर १९९८मध्ये केंद्र सरकारनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळांत वापरायला बंदी घातली. सर्कसवाले कोर्टात गेले, २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही बंदीच कायम केली. २०११मध्ये त्याच न्यायालयानं सर्कशीत मुलांना कामाला ठेवायला मनाई केली. दोन्ही निर्णय योग्य झाले, हे मी तंबूच्या प्रेमात असूनही म्हणतो. सुलतानसारखा वाघ पिंजऱ्यातून निसटला तर माझी सहानुभूती आता वाघाला असेल. पण वाघ गेल्यावर वाघाचे रिंगमास्टरही गेले. आज राय यांना तो करंदीकर लिहिता आला नसता.

आता लातूरचा साहेब.

खेळ सुटल्यावर तात्या मला एका कडबेवाल्याच्या गाडीवर बसवून तंबूमागे गेले. हत्तींना कडबा कोण पुरवतं, याची त्यांना माहिती होती, तेव्हा आत जायला अडचण आली नाही. बराच वेळ लागला. मी गाडीवर बसून हत्तींचे श्वास ऐकत होतो. तात्या परत आले ते गप्प. मी विचारलं, भेटला का?

"भेटला."

"इटलीचा हाय का?"

तात्या हसले. मग एसटीत, औसा ओलांडल्यावर, थोडं थोडं सांगितलं. आधी तो हिंदीत बोलला. मद्रासकडचा आहे म्हणाला. तात्यांनी काही वाद घातला नाही. नुसते उभे राहिले आणि मराठीत म्हणाले, औंदा आपल्याकडं पाऊस चांगला झाला. तेव्हा त्या माणसानं अंगावरची चमचमती विजार झटकली, खाली बघितलं आणि विचारलं, "जवारी कशी हाय?"

ज्वारी कशी आहे ते तात्यांनी सांगितलं. तो कुठल्या गावचा, कुणाचा, घर का सोडलं, तेही त्या रात्री तात्यांना कळलं असणार. कारण त्यानं कुणाला सांगू नका असं विनवलं, एवढं तात्या बोलून गेले. मी पुढे कितीतरी वेळा विचारलं. माकणीचा होता का? नदीपलीकडचा? आपल्या नात्यातला? तात्यांनी दाद दिली नाही. फेलूदानं शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून जे करायचं असतं, ते तात्यांनी कधीच केलं नाही. ते गेले तेव्हा ते नावही गेलं.

मात्र नंतरच्या हिवाळ्यांत लातूरला सर्कस लागली की तात्या निघायच्या आधी आमच्या काकू फडक्यात एक गाठोडं बांधून देत. कोवळा हुरडा, शेंगादाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. मी एकदा विचारलं, हे कुणासाठी?

"हत्तीसाठी," तात्या म्हणाले.

"हत्ती हुरडा खातो?"

"आपल्याकडचा आसला की खातो," असं म्हणून त्यांनी गाठोडं काखेत मारलं आणि एसटीसाठी फाट्याकडे चालू लागले.